तीन मिनिटं आधी वाजलेली घंटा

इंग्रजीचा मास्तर मी आयुष्यात अकरा दिवस होतो. शिपाई होतो एकतीस वर्षं. पण गावात कुठंबी जाऊन बसलो की लोकं त्या अकरा दिवसांचंच इचारतात, एकतीस वर्षांचं कुणी नाव काढत न्हाई. म्हून म्हणलं, एकदा सगळं सांगून मोकळं व्हावं. मला लिहिता येत न्हाई. शाळेची पायरी मी चढलो ती थेट नोकरीलाच. आकडे कळतात, ते बी घड्याळातले. मी बोलून राहिलो, सून लिहून राहिली. मधीच हसती अन् इचारती, "मामंजी, हे बी लिहू का?" लिही म्हणलं. झाकायसारखं काही असतं तर झाकलं असतं.

मी मूळचा इस्लापूरकडचा, किनवट तालुक्यातला. आमच्याकडं धबधबा हाय, लांबून लांबून लोकं बगायला येतात. तिथला माणूस मी लातूरकडं घरजावई म्हून आलो. सासरा म्हणला होता, रान काळंभोर हाय. रान काळंभोरच होतं. पाण्याचं तो बोलला न्हाई अन् मी बी इचारलं न्हाई. बायकोचं नाव गोदावरी. तेवढीच नदी माझ्या वाट्याला आली, अन् तिला बी कायम पूर.

गावाचा जावई म्हून बाया मला दाजी म्हणायच्या, पोरं मामा म्हणायची. सासऱ्यानं कुणाच्या तरी पाया पडून मला हायस्कुलात चिकटवलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळेच्या शिपायाला काय काम? घंटा बडवायची. आता घंटा म्हंजी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. शाळा भरताना लांब घणघण, तास बदलला की मोजून टोल, सुटताना पुन्हा घणघण. त्याच्याबिगर झाडलोट, खडू, माठ भरणं, अन् मोठ्या सरांची सूचनेची वही वर्गावर्गात फिरवणं. मास्तर वही वाचणार, सही करणार. मी ती निम्म्या वेळा उलटी धरून न्यायचो. मोठे सर, म्हंजी आमचे हेडमास्तर, म्हणायचे, "मारोती, अरे निदान वहीवरचं चित्र तरी बघ, माणूस डोक्यावर उभा राहिलाय." मी म्हणलं, "सर, मला वाटलं कसरतीचं हाय."

माझं स्टूल दहावीच्या खिडकीखाली असायचं. तिथं सावली होती म्हून, दुसरं काही कारण न्हाई. आत इंग्रजीचे बिराजदार सर शिकवायचे. उदगीरचे माणूस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पट्टीनं आखल्यावानी सरळ. शिकवणं बी तसंच. खिडकीखाली बसून बसून माझ्या कानात कायकाय शिरलं. त्यातलं फिगर ऑफ स्पीच म्हंजी इंग्रजीतले अलंकार तेवढे मला गोड लागले. सर म्हणायचे, "साधं बोलणं म्हंजी नुसती भाकर. तिला ठेचा लागला की फिगर ऑफ स्पीच." मला वाटलं, आयला, म्हंजी मी जन्मापासून ठेचाच खाऊन राहिलो.

एके दिवशी सरांनी खिडकीतनं हाक मारली. "मारोती, आत ये. काल सायकलवरून कसा पडलास ते सांग पोरांना."

मी टोपी नीट केली अन् सुरू झालो. "काय सांगू सर, उतार लागला अन् सायकल बाणावानी सुटली."

"थांब. काय झालं रे हे?"

"सिमिली!" पोरं ओरडली.

"पुढं."

"ब्रेकाला म्हणलं धर, तर ब्रेक म्हणला, आज मला सुट्टी हाय."

"पर्सोनिफिकेशन!"

"मग मी असा उडालो सर, असा उडालो, खाली येईस्तोवर मला दोनदा भूक लागली."

"हायपरबोली!"

"अन् पडलो तो शेणाच्या गादीवर."

"मेटाफर!"

गुडघा फुटला होता माझा, अन् पोरं टाळ्या वाजवून राहिली. त्या दिवसापासून शाळेच्या सामानात तीन गोष्टी झाल्या: नकाशा, पृथ्वीचा गोळा, अन् मी. सरांना उजळणी घ्यायची आली की मला आत बोलवायचे, अन् मी माझी काहीतरी फजिती सांगायचो. फजितीचा साठा माझ्याकडं भरपूर. त्या साली तेवढाच एक साठा भरलेला होता.

कारण दुष्काळ पडला होता. लातूर जिल्हा नुकता नवा झालेला. हापिसं नवी, साहेब नवे, पाट्यांचा रंग बी वाळला नव्हता, अन् विहिरी मात्र कोरड्याठाक. नव्या जिल्ह्याला माणसं कमी अन् दुष्काळाला कामं जास्त. मग काय, मास्तर लोकांना धरायचे. कुणाला टँकरच्या फेऱ्यांवर, कुणाला जनावरांच्या छावणीवर.

आता मला शोभाचं सांगाया पायजे, कारण ही सगळी गोष्ट तिचीच हाय. शोभा कांबळे, भीमनगरातली पोरगी. बाप लहानपणीच वारला. आई यमुनाबाई पाझर तलावाच्या कामावर पाटी उचलायची. शोभा आदल्या साली दहावीला बसली होती, सगळ्यात पास अन् इंग्रजीत तीन मार्कांनी गेली. त्या साली इंग्रजीला मास्तरच नव्हता, बिराजदार सर नंतर आले. गेली तर नवल काय? मोठ्या सरांनी तिला पुन्हा वर्गात बसायची परवानगी दिली. यमुनाबाई एकदा शाळेच्या फाटकाशी मला म्हणली, "दाजी, लातूरला नर्सबाईचं शिक्षण निघालंय म्हणं. दहावी पास पायजे. या बारीला निघाली तर फॉर्म भरीन. न्हाई निघाली तर उद्यापासून माझ्यासंगं पाटी. माझे गुडघे आता दोघींचं ओढत न्हाईत."

"निघंल हो," मी म्हणलं. "पोरगी म्हंजी विजेचा गोळा हाय."

"तुमचं मेलं बोलणंच तसलं. खरं सांगा."

"खरंच सांगून राहिलो."

"तुमचं खरं कुठं सुरू होतं तेच कळत न्हाई," म्हणली अन् गेली.

इंग्रजीच्या पेपरात अलंकारांना चार मार्क होते. तीन मार्कांनी गेलेल्या पोरीला चार मार्क म्हंजी काय, हे माझ्यासारख्याला बी कळत होतं. शोभा खिडकीजवळच बसायची अन् सर बोलले की मान न उचलता लिहायची.

आता माझं पाप सांगतो. सूनबाई, हसू नको, लिही.

टँकर दिवसाआड दुपारी यायचा अन् गावविहिरीत पाणी सोडायचा. सोडलं की सगळं गाव पोहरे घेऊन तुटून पडायचं. मागून जाणाऱ्याला गाळ. अन् टँकरची वेळ नेमकी दहावीच्या इंग्रजीच्या तासाच्या शेवटाला. त्या तासानंतर मधली सुट्टी, म्हंजी मी मोकळा. एक दिवस मी घंटा देऊन पळत गेलो अन् दोन घागरी गाळ घेऊन आलो. गोदावरीनं घागरीत बगितलं, माझ्याकडं बगितलं, अन् म्हणली, "धबधब्याच्या गावचे म्हून बापानं दिलं मला. घंटा तुमच्याच हातात हाय नव्हं? मग?"

त्या 'मग'मधी सगळं आलं. पुढच्या खेपेपासून टँकरच्या दिवशी मी घंटा तीन मिनिटं आधी द्यायला लागलो. शाळेचं घड्याळ माझ्या खिशात. इचारणार कोण? घरात चोख पाणी आलं, गोदावरी आठ दिवस मला 'अवो' म्हून हाक मारत होती.

अन् फेब्रुवारी सरता सरता हुकूम आला, बिराजदार सर छावणीवर. परीक्षा तोंडावर. सर पोरांना म्हणले, "जवळजवळ सगळं शिकवून झालंय. आता उजळणी तुमची तुम्ही करा." अन् पिशवी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला वर्ग नुसता बसलेला. मी खिडकीखाली. शोभानं डोकं बाहेर काढलं. "मामा, आत या की."

"मी? अगं मला इंग्रजीतला ए म्हंजी शिडी वाटती."

"तुम्ही नुसतं बोला. ओळखायचं आम्ही."

मोठ्या सरांना इचारलं. ते म्हणले, "पोरं गप बसत असतील तर बस बाबा तिथं." आता पोरं गप बसली असती तर मी कशाला पायजे होतो? लिंबाखाली, माठाशेजारी आमचा वर्ग भरायला लागला. मी बोलायचो, पोरं ओळखायची, वहीत ताडून बगायची. सासऱ्याची कंजुषी, बायकोचा राग, माझी नसबंदीच्या भीतीनं झालेली पळापळ. ते शेवटचं मी पोरींना उठवून पाणी प्यायला पाठवून सांगितलं. सिमिली, मेटाफर, अलिटरेशन, सगळं पोरांच्या तोंडात बसलं. अलिटरेशन म्हंजी एकच अक्षर पुन्हा पुन्हा. एका पोरानं तिथल्या तिथं केलं, "मारोतीमामा माठामागं माकडावानी." त्यात सिमिली बी होती म्हून त्याला दोन शाबासक्या द्याव्या लागल्या.

दहाव्या दिवशी शोभानं वही उलटली. "मामा, शेवटचं एक राहिलंय. आयरनी."

"वाच की काय लिहिलंय."

"इतकंच हाय. 'बोलणारा जे बोलतो…' अन् पुढं कोरं. तव्हा घंटा झाली."

सगळ्यांच्या वह्या तशाच. गाईड वर्गात एकच होतं, ते कुणाच्या तरी लग्नात हरवलेलं. बावीस पोरं माझ्या तोंडाकडं बगून राहिली. अन् मी खिडकीखाली बसून सगळं ऐकलेला माणूस, पण हे काही मी ऐकलंच नव्हतं. कसं ऐकणार? त्या वख्ताला मी घंटेजवळ होतो.

न्हाई येत, एवढं म्हणायचं होतं. दहा दिवस मास्तर राहिलेल्या माणसाच्या तोंडून ते निघत न्हाई बगा. मी घसा खाकरला. "सोपं हाय. बोलणारा जे बोलतो… ते अर्धंच बोलतो. पुढचं ऐकणाऱ्यानं समजायचं. आता आमची ही म्हणती, 'या तुम्ही घरी, मग…' अन् गप बसती. हीच आयरनी."

पोरं लोळून हसली अन् हसत हसत लिहून बी घेतलं. शोभानं तर खाली रेघ मारली.

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी मोठ्या सरांनी मला सूचनेची वही घेऊन छावणीवर पाठवलं, बिराजदार सरांची सही पायजे होती. सर जनावरांच्या गर्दीत उभे, हातात रंगाचा डबा, मोजलेल्या म्हशीच्या शिंगाला लाल बोट लावून राहिलेले. कपाळावरचे पट्टे धुरळ्यानं पुसलेले. मला बगून खुलले.

"काय म्हणतात पोरं? अलंकार आयरनीपाशी अडकला होता."

"अडकला होता सर, सुटला! मीच घेतली आयरनी."

"तू? काय सांगितलंस?"

मी सांगितलं. उदाहरणासकट. सरांचं बोट शिंगावरच राहिलं. म्हैस निघून गेली तरी बोट तिथंच.

"मारोती," सर हळूच म्हणले, "मी 'बोलणारा जे बोलतो' म्हणलो अन् घंटा झाली. माझ्या घड्याळात तीन मिनिटं होती. मी ते घड्याळ दोनदा दुरुस्तीला टाकलं रे. दोन्ही बारी घड्याळवाला म्हणला, यात काही बिघाड न्हाई."

मी सगळं सांगून टाकलं. टँकर, घागर, गोदावरीचा 'मग', सगळं.

रंगाचा डबा खाली ठेवून सर म्हणले, "वा मारोती! लई उपकार केलेस शाळेवर. लिंबाखाली तुझा पुतळाच उभा करू."

मी लाजलो बगा. खरंच लाजलो. "कशाला सर, एवढं काय केलं मी…"

"अरे गाढवा, ही आयरनी! म्हणलो एक, अर्थ बरोबर त्याच्या उलटा!"

त्या क्षणाला मला जे कळलं ते आजपतोर विसरलो न्हाई. एखादी गोष्ट स्वतःच्या अंगावर आली की शिकवायला तीन मिनिटं बी लागत न्हाईत.

पण पोरं तर तालुक्याला गेलेली. परीक्षेचं केंद्र तिथं, कुणी पाव्हण्यांकडं, कुणी देवळात उतरलेलं. पेपर दुसऱ्या दिवशी अकराला. सकाळीच मी रिकाम्या टँकरच्या टपावर बसून निघालो. पाणी भरायच्या ठिकाणी टँकर रांगेत लागला, तिथनं पुढं चालत, मग पळत. केंद्रावर पोचलो तव्हा पयली घंटा वाजून राहिलेली. दुसऱ्याच्या शाळेची घंटा. जन्मात पयल्यांदा मला घंटेचा राग आला.

फाटक बंद. आत पोरांची रांग, खिसे तपासून राहिले. शोभा रांगेत मधोमध. फाटकावर एक पोलीस, हातात काठी.

"साहेब, एक मिनिट पोरीशी बोलायचंय."

"चिठ्ठी द्यायची असंल. काढ खिशातनं."

"अवो मला लिहायलाच येत न्हाई."

"सगळे कॉपीवाले असंच म्हणतात. हट लांब."

आता पेपर सुरू व्हायचा होता, म्हंजी बोलणं काही गुन्हा नव्हता. पण व्याख्या सांगत बसलो असतो तर दोन शब्दांतच उचललं असतं. मी फाटकाला धरून ओरडलो, "शोभा! पोरांनो! शेवटचं ते मी चुकीचं सांगितलं! आता नीट बगा!"

अन् पोलिसाकडं वळलो. "वा साहेब! काय मऊ काळीज तुमचं! काय गोड बोलणं! आईची आठवण आली मला!"

साहेबांनी एक ठेवून दिली, मागच्या बाजूला.

"आहाहा! लई बरं वाटलं! काठी न्हाई, मोरपीस हाय मोरपीस!"

रांगेतनं एक येडं ओरडलं, "मेटाफर!"

"अरे मेटाफर न्हाई, ते शेवटचं!" मी म्हणलं. "म्हणतो एक अन् हाय उलटं! साहेब, अजून एक द्या, पोटभर झालं न्हाई!"

साहेब माणूस उदार. दिली. आख्खी रांग हसून राहिली. शोभा तोंडावर हात ठेवून उभी होती, मग तिनं हात काढला अन् हंबरडा फोडल्यावानी ओरडली, "कळलं मामा! कळलं! आता बास करा!"

"काय कळलं? काय कळलं तिला?" साहेब माझी कॉलर धरून इचारायला लागले. मी खरंखुरं उत्तर दिलं, की इंग्रजीतला अलंकार. त्यांचा इश्वास बसला न्हाई. पेपर संपेस्तोवर मला चिंचेखाली बसवून ठेवलं. बसवून म्हणायचं, बसता येत नव्हतं. उभाच होतो. माझ्या मास्तरकीचा तो अकरावा दिवस.

पेपर सुटला. शोभा पळत आली.

"मामा, आली होती आयरनी!"

"मग?"

"तुम्हाला बसलेली काठी आठवली अन् लिहिली."

शाळेत परत आल्यावर मोठ्या सरांपुढं टोपी काढून उभा राहिलो अन् तीन मिनिटांचं सांगितलं. त्यांनी घड्याळ माझ्याकडनं काढून घेतलं. महिनाभर ते स्वतः खिडकीतनं हात हलवायचे, मग मी टोल द्यायचा. बरोबर केलं त्यांनी. मला राहून राहून एकच वाटतं, त्या साली इतिहास, गणित, अजून कुणाकुणाचं शेवटचं वाक्य मी घागरीत भरून घरी नेलं असंल? पोरं आता मोठी झाली, भेटतात, हसतात. कुणाला कुठलं वाक्य कमी पडलं, ते त्यांना बी ठाव न्हाई अन् मला बी.

निकाल जूनमधी लागला. मोठ्या सरांनी नंबर पेपरात बोट ठेवून ठेवून बगितले. शोभाच्या नंबरावर बोट थांबलं. मी पाठीमागं उभा. आकडे मला कळतात म्हणलं ना? मी बी वाचला. शोभा मामाच्या गावी होती, सांजच्याला यायची. तिच्या आईला तरी सांगावं म्हून सायकल काढली ती थेट तलावावर.

यमुनाबाई डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन भराव चढून राहिलेली. मी खालनंच ओरडलो, "यमुनाबाई! तुमच्या लेकीनं आभाळाला हात लावला!"

"दाजी, पुढं व्हा. कामात हाय."

"अवो तुमच्या घरात सूर्य उगवला! आख्खा जिल्हा उजेडानं भरून गेला!"

बाया हसायला लागल्या. एक म्हणली, "गोदाला निरोप धाडा गं, दाजीला ऊन लागलं."

मुकादम म्हणला, "दाजी, तमाशा सुट्टीत करा, माझ्या बाया खोळंबल्या."

मी तोंड उघडलं. बाणावानी, विजेवानी, धबधब्यावानी, काय काय ओठावर आलं. पण त्यातलं एक बी त्या बाईच्या कानापतोर पोचत नव्हतं. गेल्या दहा वर्षांत मीच ती वाट बुजवून ठेवली होती. मी सायकल खाली टाकली, भराव चढून तिच्यापुढं गेलो.

"यमुनाबाई," म्हणलं, "शोभा पास झाली."



ती पाटीखालून माझ्याकडं बगत राहिली. मागनं कुणीतरी इचारलं, "काय झालं गं?"

"शोभा पास झाली म्हणं," दुसरी म्हणली.

"कोण म्हणलं?"

"दाजी."

"मग आधी पेपर बघ बाई!" अन् सगळ्या फिदीफिदी.

"गप बसा गं," यमुनाबाई म्हणली. "एवढं थोडकं दाजी आजवर कधी बोलले न्हाईत."

अन् डोक्यावरची भरली पाटी तिनं उतरवली, ती थेट मुकादमाच्या हातात दिली.